वासाचा नवस

"आई, हिनं शी केलीय," उन्नती आतल्या खोलीच्या दारातून म्हणाली आणि माझं बिंग फुटलं. तसं तिनं सहजच म्हटलं होतं. पण उन्नती होती हॉलच्या त्या टोकाला, आणि तिची तान्ही पोरगी माझ्या मांडीवर, माझ्या नाकाखाली वीतभर अंतरावर. समोर सोफ्यावर बाळ बघायला आलेल्या आळीतल्या बायका बसल्या होत्या. त्यांनी केव्हाच पदर नाकाशी नेले होते, आणि मी बावळट समजत होते की बायांना एसीचं वारं लागतंय. मी एसी कमीसुद्धा केला होता. बाळ बघायला आलेली बाई कधी तोंडानं सांगत नाही की तुमच्या बाळानं घाण केलीय. ती चहा पिते, झबलं देते, आणि श्वास कोंडून बसते. मी पोरीला उचलून आत नेलं, उन्नतीनं तिला धुतलं, बायका गेल्या, आणि मी कपबशा उचलायला लागले तर उन्नती मागे उभी. "तुला वास आला नाही?" म्हणाली. "आला की. म्हटलं पाहुण्यांसमोर कशाला," मी म्हणाले. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत, वेळ मारून नेणं मला जमतं. पण ही माझीच पोर. तिनं मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि नाकापुढे काहीतरी धरलं. "ओळख." मी दीर्घ श्वास घेतला. काही नव्हतं. थंड हवा आत गेली, कोमट बाहेर आली. आता बाळंतिणीच्या घरात काय असणार, असा हिशेब करून मी म्हणाले, "साबण." डोळे उघडले तर तिच्या हातात हिंगाची डबी होती, झाकण उघडलेली.

माझा वास गेला त्याला आता चार-साडेचार वर्षं झाली. कोविडची दुसरी लाट आली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी सुटलं नाही. शेतजमीन गेली तिच्या बदल्यात सरकारनं दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेली चार मजली बिल्डिंग, वर आम्ही, खाली भाडेकरू, आणि प्रत्येक दारामागे खोकला. मला दोन दिवस कणकण आली आणि गेली. टेस्ट कोण करतंय, मी सगळ्यांना पेज करून दारात ठेवत होते. तिसऱ्या दिवशी तव्यावर सुकट टाकली, आणि सुकट गप्प. आमच्या घरात सुकट भाजली की तिसऱ्या मजल्यावरची गुजरातीण खिडक्या लावून घेते, इतका तिचा दरारा. मला वाटलं माल खराब. तिथूनच विकणारीला फोन करून मी नाही नाही ते बोलले, की जुनी सुकट गळ्यात मारतेस, तुझं भलं होणार नाही. ती बिचारी शपथा घेत होती. फोन ठेवला आणि खालून गुजरातिणीच्या खिडक्या धाडधाड लागल्याचा आवाज आला. तेव्हा मी देवघरात जाऊन कापूर नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं, नाकात गार झालं, पण कापूर आला नाही. मी तिथेच पाटावर बसून राहिले. माणसं मरत होती त्या दिवसांत. एक वास गेला म्हणून कुणाकडे रडायचं? मी उठले आणि भात लावला.

खरं सांगायचं तर मला त्याचा फार त्रास झाला नाही. सुरुवातीला चव फिकी लागायची, मग मी तिखट वाढवलं. तिखट नाकाशिवायही लागतं. नाल्यावरून जाताना लोक तोंड वाकडं करतात, मी आपली राणीसारखी जाते. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा अंगावर बाटलीभर सेंट ओतून येतो, बाकीचे जिना धरतात, मी त्याची विचारपूस करत खाली उतरते. मासळी बाजारात पूर्वी मी नाकानं भाव करायचे, कल्ले उघडून एकदा हुंगलं की कोळीण भाव उतरवायची. आता डोळे बघते, बोटानं दाबते, आणि कोळणीच्या तोंडाकडे बघते. फसते कधी कधी. पण एकूणात माझं बरं चाललं होतं. निवृत्ती झाली, गुडघे ठीक आहेत, पारसिकच्या डोंगराकडून संध्याकाळी गच्चीवर वारा येतो, आणि नवरा, वामन, दुपारचा झोपतो. माणसाला आणखी काय पाहिजे? फक्त कधी कधी पहाटे जाग आली की शेजारी झोपलेला माणूस जरा लांबचा वाटायचा. तीस-पस्तीस वर्षं त्याचा एक वास होता, तंबाखूचा, घामाचा, मुरलेल्या गोधडीचा. तो गेला आणि घोरणं तेवढं उरलं. मग मी त्याच्या दंडावर हात ठेवून बघायचे. दंड त्याचाच असायचा.

आणि मग तो नवस. तो मी केला नव्हता, तो माझ्यावर येऊन बसला. उन्नतीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पाळणा हलत नव्हता. जावई प्रीतम उरणकडे कंटेनर यार्डात नोकरीला, भला माणूस. पण भल्या माणसालाही लोक विचारतातच. त्या वर्षी गौरी आल्या. आमच्यात गौरीला चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, नैवेद्य असतो, आणि नैवेद्य शिजताना त्याचा वास घ्यायचा नाही, हुंगला तर उष्टा झाला. पुतळाआत्या, म्हणजे माझी थोरली नणंद, उन्नतीची आत्या म्हणून मीही तिला आत्याच म्हणते, दरवर्षी चुलीजवळ पहारा द्यायला बसते. बाकीच्या बायकांचं नाक नकळत वर जातंच. माझं गेलं नाही. पातेल्यावर वाकून मी रस्सा ढवळला, वाफ तोंडावर घेतली, आणि चेहऱ्यावरची माशी हलली नाही. आत्या बघत राहिली. मग तिला आठवलं की ही काशी, म्हणजे मी, बाजारातही मासळी हुंगत नाही, गजरा नाकाला लावत नाही, देवळात अगरबत्तीकडे तोंड करत नाही. तिनं मला कोपऱ्यात घेतलं. "काशे, नवस केलास काय? उन्नतीसाठी वास सोरलास?" आमच्याकडे नवसाला माणसं आंबा सोडतात, भात सोडतात, एका बाईनं तर चप्पल सोडली होती. वास कुणी सोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी "हूं" म्हणाले. आता हूंचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की काशीनं लेकीसाठी वास सोडलाय, केवढं कठीण व्रत, बाई श्वास घेते तेवढाच. त्यानंतर लोक माझ्याशी जरा अदबीनं बोलायला लागले. मला ते आवडलं, का नाही आवडणार?

हे सगळं मी उन्नतीला हिंगाच्या डबीसमोर बसून सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. चार वर्षं तिला सासरी लोक सांगत होते की तुझ्या आईनं तुझ्यासाठी काय काय सोडलंय. गरोदर राहिली तेव्हा फोनवर रडून म्हणाली होती, आई, आता तरी मोगरा हुंग. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली, टाके दुखायला लागले तरी थांबेना. "म्हणजे तू हूं म्हणालीस आणि मला दिवस गेले," ती म्हणाली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तू हिचा वास घेतलाच नाहीयेस. सगळ्या येऊन हिची टाळू हुंगतात आणि तू..." तिनं हिंगाच्या डबीचं झाकण लावलं. मी कपबशा घेऊन आत गेले. नळ सोडला, कप विसळले, आणि तिथे ओट्याशी मला कळलं की मला काहीतरी पाहिजे आहे. गेली चार वर्षं मला काही नको होतं. आता मला माझ्या नातीचा वास पाहिजे होता. आमच्या आळीत बाळाचा मुका घेत नाहीत, बाळाला हुंगतात. आलेली बाई टाळूवर नाक टेकते, डोळे मिटते, आणि तिचा चेहरा असा सैल पडतो की म्हातारी असली तरी क्षणभर पोरसवदा दिसते. ते चेहरे मी महिनाभर बघत होते. जेवणाच्या पंगतीत वाढप्यानं आपल्याला वगळून पुढे जावं तसं वाटायचं.

उन्नती महापेला जनुकं तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे लोक नळीत थुंकून थुंकी पाठवतात आणि या पोरी त्यातून त्यांची सात पिढ्यांची कुंडली काढतात, असं मी आळीत सांगत असे. त्या रात्री पोरीला पाजता पाजता तिनं मला समजावलं. "नाकात वास येतो म्हणजे त्या वस्तूचे कण येऊन चिकटतात आई. ते चिकटूनच राहिले तर पुढचा वास कसा कळणार? म्हणून नाकात एक एन्झाइम असतो. तो ते कण धुऊन काढतो, नाक मोकळं करतो. तो एन्झाइम कसा बनवायचा हे एका जनुकात लिहिलेलं असतं. यूजीटी टू ए वन." बसचा नंबर वाटतो, मी म्हणाले. "ऐक ना. त्या जनुकाच्या जागी काही लोकांत एखादं अक्षर वेगळं असतं. अशांचा वास कोविडमध्ये जायची शक्यता थोडी जास्त, असं मोठ्या अभ्यासात दिसलंय. का, ते अजून कुणाला धड ठाऊक नाही." तिनं मग माझ्यापुढे नळी धरली. मी म्हटलं, माझ्या थुंकीत काय बघायचंय, साठ वर्षं तंबाखूशिवाय काढलीत. तरी थुंकले. पुढच्या महिन्यात तिनं सांगितलं की ते वेगळं अक्षर माझ्यात दोन्ही बाजूंनी आहे, आईकडूनही आणि बापाकडूनही, आणि म्हणून एक तिच्यात आलंच आहे. "आणि हिच्यात?" मी पाळण्याकडे बघून विचारलं. "माहीत नाही. मी तपासणार नाही," ती म्हणाली, आणि मला ते बरं वाटलं. पोरीला सोन्याची साखळी कुणाकडून आली ते कळावं, बाकीचं कळून काय करायचंय.

पण तो एन्झाइम माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या कचेरीत विश्वजित नावाचा शिपाई होता. टेबलावरची फाइल उचलून पुढच्या टेबलावर न्यायची हे त्याचं काम, आणि ते तो इतकं मन लावून करायचा की तुम्ही पाणी प्यायला मान वळवली की सही न झालेली फाइलसुद्धा गायब. माझ्या नाकातही असाच कुणीतरी बसलाय, असं मला वाटायला लागलं. साठ वर्षांत काय काय आलं असेल त्याच्या टेबलावर. ओहोटीला उघडा पडलेला खाडीचा चिखल. बाबाच्या बंडीला लागलेलं मिठागराचं खारं पाणी. लग्नात नवीन लुगड्याची खळ. पहिल्या पगाराच्या दिवशी कचेरीतल्या कार्बन पेपरचा निळा वास, जो मला फार आवडायचा आणि मी कुणाला सांगितला नव्हता. तो एकेक उचलत गेला, पुढचा येऊ दे म्हणून. आणि त्या उन्हाळ्यात त्यानं टेबलच उचलून नेलं. मला त्याचा राग आला नाही. मन लावून काम करणाऱ्यांचा राग येत नाही मला, कचेरीत तसे फार नव्हते. आणि हेही मनात यायचं की तो नसता तर काय झालं असतं. पहिला वास कायमचा बसला असता. मी जन्मभर एकच काहीतरी हुंगत राहिले असते, बहुतेक सुईणीचे हात.

डॉक्टरांकडेही उन्नतीच घेऊन गेली. सेक्टर पंधरातल्या त्या तरुण डॉक्टरणीनं नाकात नळी घालून पाहिलं आणि म्हणाली, औषध असं काही नाही मावशी, नाकाला तालीम द्यायची. चार बाटल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, आणि हुंगताना तो वास आठवायचा. इतक्या वर्षांनी यायचा भरवसा नाही, पण कधी कधी येतो. "कधीपर्यंत?" मी विचारलं. ती म्हणाली, घाई करू नका. पण मला घाई होती. पुतळाआत्या मागेच लागली होती की नवस पावला, पोर झाली, आता बारशाला सगळ्यांसमोर पोरीची टाळू हुंग आणि नवस फेड. मी मुदत वाढवून घेतली. म्हटलं, माझा नवस पोर अन्नाला लागेपर्यंत आहे, उष्टावणाच्या दिवशी फेडीन. आत्याला ते पटलं, उलट माझा मान आणखी वाढला. पण मग तीच म्हणाली, "मंग त्याच्या आधीच हुंग हां, खीर तोंडात जायच्या आधी. एकदा अन्न पोटात गेला का तो वास जातं. मंग काय, मानसाचा वास येतं." म्हणजे मुदत मीच ठरवून घेतली आणि मीच तीत अडकले. सहाव्या महिन्याच्या आत बाटल्यांनी काम केलं तर ठीक. नाहीतर सगळ्या बायकांसमोर रिकामं नाक टेकायचं आणि डोळे मिटून दाखवायचे, आणि तो वास जन्मात मिळायचा नाही.

मी रोज गच्चीवर बाटल्या घेऊन बसायला लागले. खाली मेट्रो सरकत जायची, डोंगरापलीकडे दिवे लागायचे. लवंगेची बाटली उघडायची आणि लवंग आठवायची. इथे मला एक विचित्र गोष्ट कळली. वास आठवत नाही. वास ज्या दिवशी होता तो दिवस आठवतो. लवंग म्हटलं की दाढ दुखत असताना आईनं गालावर ठेवलेला हात आठवतो, हाताच्या रेघा आठवतात, त्या दिवशी शाळा बुडली ते आठवतं, पण मधोमध जिथे लवंग पाहिजे तिथे भोक. लिंबू म्हटलं की वामनला कावीळ झाली तो मे महिना. गुलाब म्हटलं की कुणाचं तरी मयत. मी त्या भोकाभोवती फिरत बसायचे. कधी वाटायचं आता येईल, अगदी जिभेवर नाव यावं तसं नाकाच्या टोकाशी आलंय. मग नाही यायचं. शेवटी मी बाटल्या बाजूला ठेवून उन्नतीलाच आठवायचे. ती लहान असताना मी कचेरीतून यायचे, साडी न बदलता तिच्या टाळूवर नाक टेकायचे आणि दिवसभराचा साहेब उतरायचा. एवढं आठवतं. टाळू मऊ होती, तिच्यात ठोका होता, मला रडू यायचं, भूकही लागायची. वास कसा होता? चांगला होता. एवढंच उरलंय, चांगला होता. सख्ख्या लेकीच्या अंगाचा वास, आणि आपल्यापाशी एक विशेषण. एका संध्याकाळी मी गच्चीवर थोडी रडले. मग खाली आले आणि कोलंबी सोलली, कारण ती सोलायची होती.

वामनला काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी तो गच्चीवर आला तर मी निलगिरीची बाटली नाकाला लावून बसलेली. म्हटलं, आता सांगून टाकावं. सगळं सांगितलं, सुकटीपासून. तो टाकीच्या कठड्यावर बसला, खिशातून बिडी काढली आणि माझ्यासमोर शिलगावली. बिडी त्यानं दहा वर्षांपूर्वी माझ्या धाकानं सोडली होती. "मना ठाव हाय," तो म्हणाला. "चार वरसां मी बिरी ओढून तुझे बाजूला झोपतंय. तू एक दिवस बोललीस नाय. मना समाजला का हिचा नाक गेला." मी म्हटलं, मग विचारलं का नाही? "तू बोललीस नाय, मी पन बोललू नाय." मला हसावं की त्याच्या डोक्यात बाटली घालावी कळेना. चार वर्षं हा माणूस माझ्या आजारपणावर बिड्या ओढत होता, आणि चार वर्षं यानं माझं गुपित आळीत कुणाला कळू दिलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलाही. बहिणीपाशी तर म्हणे सांगायचा, काशीचा व्रत कडक हाय, तिच्यापुढे फुलं आणू नका. मी त्याच्या हातातली बिडी काढून विझवली. उद्या वास आला तर पहिला तुमचाच येईल, मी म्हटलं. "येव दे," तो म्हणाला, आणि दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो. फार बरं वाटलं मला त्या दिवशी, इतकं की बाटल्या खाली न्यायला विसरले.

दिवस जात होते आणि पोरगी बदलत होती. मान धरायला लागली, पालथी पडायला लागली, माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात धरून दात शिवशिवतात तसं चावायला लागली. आंघोळीनंतर मी तिला ओवा आणि बाळंतशेपाची धुरी द्यायचे, धुरात तिला गोल फिरवायचे, ती डोळे चोळायची, शिंकायची. मग फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचे आणि खोलीत कुणी नाही बघून टाळूवर नाक टेकायचे. रोज. श्वास आत. केस नाकाला गुदगुल्या करायचे. ऊब यायची. ओलसर असं काहीतरी यायचं, ते वास नव्हे. मी तिच्या डोक्याला नाक लावून हवा आत ओढत राहायचे, विहिरीत घागर सोडून वर काढावी आणि कोरडी निघावी, तसं. आणि तरी मला वाईट वाटायचं असं नाही. पोरगी मांडीवर असायची, हातपाय झाडायची, माझ्या कानाची पाळी ओढायची, हसायची. तिच्यात काही कमी नव्हतं. माझ्यातच एक खिडकी बंद होती, आणि खिडकीपलीकडे ती हसत होती. उन्नती म्हणायची, आई, सांगून टाक ना सगळ्यांना. मी म्हणायचे, आत्याचं वय बघ. तिच्या नवसाला हात लावू नको. खरं म्हणजे मला वाटत होतं की सांगितलं तर ते कायमचं होईल. तोवर नवस होता, आणि नवस फिटतो.

उष्टावण रविवारी होतं. हॉलमधला सोफा हलवला, सतरंजी घातली, पोरीला हिरवं परकर-पोलकं घालून पाटावर आपल्या मांडीशी टेकवून उन्नती बसली. आमच्या पोरीला सख्खा मामा नाही, म्हणून चुलतदिराचा मुलगा रोहन चांदीचा चमचा घेऊन तयार. प्रीतम उरणहून पहिल्या गाडीनं आला होता, त्याची आई पेढे घेऊन. आळीतल्या झाडून साऱ्या बायका. मी आठ दिवस आरशासमोर तालीम केली होती. वास आल्यावर माणूस काय करतं ते मी विसरले होते, म्हणून बारशाचे व्हिडिओ बघून बघून शिकले. आधी भुवया जरा वर, मग डोळे मिटतात, मग ओठ सुटतात. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. दुधाचा येतोय, लोण्याचा येतोय, असंच म्हणतात सगळ्या. पुतळाआत्या उभी राहिली, सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "आमचे काशीनं लेकीसाठी वास सोरलेला. आज ती नवस फेरतेय. ये काशे." प्रीतमच्या आईनं हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गुडघ्यांवर बसले, पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं, भुवया वर केल्या, डोळे मिटले आणि नाक टेकवलं.

पहिल्या श्वासात काही नव्हतं. ते मला माहीतच होतं. बायका बघतायत म्हणून मी दुसरा घेतला, जरा खोल, आणि मला उमासाच आला. कांदा. कुजलेला, पिशवीच्या तळाशी पाणी सुटलेला कांदा. त्याच्यात जळलेलं रबर. आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी गोडसर, बिघडलेलं, ज्याला मला नाव देता येईना. मी नाक बाजूला घेतलं. गेला. सतरंजी, पेढे, बायका, कशालाच वास नव्हता. परत टाळूवर आणलं. आला. हिचाच होता. माझ्या नातीच्या डोक्यातून येत होता, ठोक्याठोक्यानं, इतका घाण की दुसऱ्या कुणाचा असता तर मी उठून गेले असते, आणि मी इतकी सुखी होते की मला हुंदका आवरेना. माझ्या भुवया, ओठ, सगळी तालीम कुठल्या कुठे गेली. बायका कुजबुजल्या, कुणीतरी नाक ओढलं. आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आला काय गो वास?"

"आला," मी म्हणाले.

"कसा हाय?"

दुधाचा, लोण्याचा, तोंडाशी तयार होतं. पण मला त्या वासाबद्दल खोटं बोलवेना. इतक्या वर्षांनी आलेलं माणूस, त्याला दारात दुसऱ्याच नावानं कशी हाक मारू? "घान हाय आत्या," मी म्हणाले. "कांदा कुजल्यासारका. रबर जळल्यासारका. उलटी येल असा."

बायकांचे हात तोंडावर गेले. मग आत्यानं दोन्ही हातांनी पोरीवरून ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "असाच बोलाचा," ती बायकांकडे वळून म्हणाली. "आजीनं असाच बोलाचा. दिठ लागत नाय पोरीला." मग सगळ्यांनाच चेव आला. एक म्हणाली नकटी हाय, एक म्हणाली काळी हाय, प्रीतमच्या आईनं म्हटलं डोक्यावर केस कसे उंदरानं कुरतडल्यासारखे, आणि सगळ्या हसायला लागल्या. माझ्यावरून सगळ्यांची नजर हटली तरी उन्नतीची हटली नव्हती. तिनं माझ्याकडे वाकून हळू विचारलं, "खरंच?" मी मान हलवली. तिचे डोळे भरले. "नसा परत जोडल्या जाताना आधी चुकीच्या जोडल्या जातात आई," ती कानाशी म्हणाली. "म्हणून घाण येतो. हे चांगलं आहे. होईल हळूहळू नीट. मग हिचा खरा वास येईल तुला."

कधी, ते मी विचारलं नाही. तोवर पोरगी भात खायला लागलेली असेल, मासळी खायला लागलेली असेल, शाळेत जात असेल. तो दुसरा वास या सगळ्या बायकांना मिळाला होता, सगळ्यांना सारखा. हा माझ्याशिवाय जगात कुणालाच येत नव्हता. रोहन खिरीचा चमचा भरून पुढे झाला आणि पोरीनं तोंड उघडलं.

"थांब रे जरा," मी म्हणाले आणि टाळूवर परत नाक टेकवलं. उलटी येईल असा वास होता. मी तो पोटभर घेतला.